आकाशनिरीक्षणाचं काम किती बदललंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात लोक शनीची कडी बघतात आणि मग दुर्बिणीपाशीच उभं राहून प्रश्न विचारायला लागतात, मागची रांग कुरकुरत असते तरी. त्यातले जे परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. ज्या प्रश्नात मला जास्त रस आहे तिथे जास्त लिहिलंय, बाकीचे पटापट उरकलेत, चालवून घ्या.

शास्त्रज्ञ रोज रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसतात ना?

नाही हो. संशोधनाच्या मोठ्या दुर्बिणींना आता डोळा लावायची सोयच नसते, जिथे आयपीस असायला हवा तिथे कॅमेरा नाहीतर वर्णपट घेणारं (म्हणजे प्रकाशाचे रंग वेगवेगळे करून टिपणारं) यंत्र बसवलेलं असतं. रोज तर सोडाच, एखाद्याला वर्षातून मोजक्या रात्री मिळाल्या तरी भाग्य समजायचं. आधी प्रपोजल लिहायचं, म्हणजे कुठला तारा किंवा दीर्घिका (ताऱ्यांचा अफाट समूह, गॅलेक्सी) बघायची, का बघायची, किती तास लागतील, याच दुर्बिणीवर का हवंय. मग एक समिती ती सगळी प्रपोजलं वाचते आणि वेळ वाटून देते. मागणी नेहमीच जास्त असते त्यामुळे चांगलं प्रपोजलसुद्धा परत येतं. नवीन पोरांना वाटतं या कामात रात्र जागणं अवघड असेल, खरं तर दिवसा बसून ते दहा-बारा तास मागायचं कारण पटवून देणं जास्त अवघड असतं.

मग पूर्वी नक्की कसं चालायचं?

अडीचशे वर्षांपूर्वी खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल दुर्बिणीला डोळा लावून जे दिसेल ते ओरडून सांगायचा आणि त्याची बहीण कॅरोलाइन दिव्याजवळ बसून घड्याळातली वेळ आणि तो काय म्हणाला ते लिहून घ्यायची. दोन माणसं लागायची कारण अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो आणि लिहिण्यासाठी एकदा दिव्याकडे बघितलं की सगळं पाण्यात. (म्हणूनच आमच्या कार्यक्रमात मोबाईलचा टॉर्च लावला की सगळे अंगावर येतात. लाल कागद गुंडाळा.) कॅरोलाइन नुसती कारकून नव्हती बरं का, स्वतःच्या निरीक्षणातून तिने आठ धूमकेतू शोधले.

मग फोटोग्राफी आली आणि लोकांना वाटलं आता आराम, पण झालं उलटंच. काचेच्या प्लेटवर अंधुक दीर्घिका उमटायला प्लेट तासन् तास उघडी ठेवावी लागायची, काही वर्णपटांना तर तीच प्लेट रात्रीमागून रात्री लावायचे, आणि दुर्बीण फिरवणारं यंत्र तितकं अचूक नसल्यामुळे माणूस एका ताऱ्यावर नजर ठेवून बसायचा, तो तारा फुलीच्या रेघेवरून जरा सरकला की बटण दाबून परत जागेवर आणायचा. पूर्ण रात्र. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीत तर निरीक्षक दुर्बिणीच्या नळीच्या आतच, वरच्या टोकाला टांगलेल्या पिंजऱ्यात बसायचा. घुमटात हीटर लावता येत नाही, गरम हवा वर चढली की प्रतिमा लवलवते, म्हणून थंडीत विजेवर गरम होणारे विमानातल्या लोकांचे सूट घालून बसायचे. हे सगळं वाचायला भारी वाटतं पण त्यातल्या बऱ्याच जणांचे हातपाय गारठून जायचे, त्याचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही.

कॅलिफोर्नियातल्याच माउंट विल्सन वेधशाळेतला मिल्टन ह्युमसन हे माझं आवडतं पात्र. वेधशाळेच्या बांधकामाचं सामान डोंगरावर नेणाऱ्या खेचरांचा हा चालक, पुढे तिथेच झाडलोट करायला लागला, मग रात्रीचा मदतनीस झाला आणि शेवटी एडविन हबल या नामवंत खगोलशास्त्रज्ञाच्या बरोबरीने दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट घेणारा माणूस झाला. कॉलेजची पायरी चढला नव्हता. हाताला स्थिरपणा आणि अंगात चिकाटी असेल तर तेव्हा दार उघडायचं, आज पीएचडीशिवाय कुणी आत घेणार नाही.

प्लेटा घेतल्या, पण त्या बघायचं कोण?

बायका. हे मी दर वेळी मुद्दाम सांगतो. हार्वर्डच्या वेधशाळेत पाच लाखांवर काचेच्या प्लेटा जमल्या आणि त्या भिंगाखाली धरून एकेक ठिपका मोजायचं काम बायकांना तासाच्या हिशोबाने अगदी कमी पगारावर दिलं जायचं. रात्री दुर्बिणीवर पुरुष, दिवसा टेबलावर बायका, अशी सरळ वाटणी. त्यातल्या हेन्रिएटा लेविटला या प्लेटांवरून कळलं की काही तारे ठरावीक काळाने कमीजास्त तेजस्वी होतात आणि जितका तो काळ मोठा तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. १९१२ साली हे छापून आलं. हबलने पुढे १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेत असाच एक तारा पकडला आणि त्याच्या काळावरून खरं तेज आणि त्यावरून अंतर काढल्यावर ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ठरलं, म्हणजे नाव हबलचं आणि मोजपट्टी लेविटची.

खुद्द दुर्बिणीवर बसायची परवानगी बायकांना मिळायला फार उशीर झाला. पालोमारवर अधिकृतपणे निरीक्षण करणारी पहिली स्त्री व्हेरा रूबिन, साल १९६५. तोवर कारण काय दिलं जायचं, तर तिथे बायकांसाठी सोय नाही. सोय म्हणजे संडास. आज चिलीमधल्या सगळ्यात गाजत असलेल्या वेधशाळेला तिचंच नाव आहे, त्याबद्दल खाली येतंच.

काचेच्या प्लेटा बंद का झाल्या? फोटो तर छान यायचे.

छान यायचे, पण शंभर प्रकाशकण प्लेटवर पडले तर एखाद-दुसराच नोंदला जायचा, बाकीचे वाया. १९६९ साली बेल लॅबमध्ये सीसीडी नावाची चिप निघाली (तिला २००९ चं नोबेल मिळालं) आणि ती शंभरातले ऐंशी-नव्वद पकडते. म्हणजे तीच दुर्बीण, तोच आरसा, फक्त मागची वस्तू बदलली आणि जणू आरसा कित्येक पट मोठा झाला. शिवाय प्रकाश दुप्पट झाला की आकडाही दुप्पट येतो, प्लेटचं तसं नव्हतं, त्यामुळे आकाशाचा उजेड वजा करून मागची अंधुक वस्तू बाहेर काढणं सोपं झालं.

आणि निरीक्षकाच्या आयुष्यात काय बदललं तर तो पिंजऱ्यातून खाली आला. फोटो थेट कॉम्प्युटरवर दिसतो म्हटल्यावर घुमटात बसायचं कारणच उरलं नाही, शेजारच्या उबदार खोलीत बसा. मग शेजारच्याच खोलीत का, इंटरनेट आहे तर दुसऱ्या गावातून का नाही? हा सगळा घसरगुंडीचा प्रवास त्या चिपपासून सुरू झाला.

आपल्याकडे महाराष्ट्रात असलं काही होतं का, का सगळं परदेशातच?

होतं की! पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी भावनगरच्या महाराजांकडून देणगी मिळवून १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण बरीच वर्षं देशातली सगळ्यात मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तळ ठोकून होते आणि तिथे त्यांनी ग्रहणाचे वर्णपट घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले तशी वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. सगळा डोलारा एका माणसाच्या जिवावर उभा होता, तो उठला आणि संपलं. पुण्यात राहणाऱ्या दहातल्या नऊ जणांना हे माहीतच नसतं, कॉलेजात शिकलेल्यांनाही नाही.

कोडाईकनालला मात्र काम टिकलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे सूर्याचे फोटो घेतले जातायत. त्या जुन्या प्लेटा स्कॅन केल्यात आणि आजची पोरं त्यावर पेपर लिहितात. शंभर वर्षांपूर्वी ढग नसलेल्या सकाळी कुणीतरी न कंटाळता प्लेट लावली म्हणून.

हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला ना? "साहेबाचे ओटे" तिथेच आहेत.

हा प्रश्न आला की वाद होतो, तरी सांगतो. ग्रहण बघायला बांधलेले ते ओटे खरे आहेत, साहेबही खरा आहे, इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर. पण तो विजयदुर्गला आला १८९८ च्या ग्रहणाला, वर सांगितलं तेच ग्रहण. हेलियमची गोष्ट त्याआधी तीस वर्षांची. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, तिथे त्याला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात इतक्या ठळक रेषा दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या बघता येतील हे त्याच्या लक्षात आलं. लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता, त्याने ऑक्टोबर १८६८ मध्ये घरच्या दुर्बिणीतून ग्रहणाशिवायच तशाच रेषा बघितल्या आणि त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. तेच पुढे हेलियम. दोन ग्रहणं आणि एकच साहेब, त्यामुळे गोष्टीची खिचडी झाली आणि आता १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही होतो. व्हावा, त्यानिमित्ताने पोरं वर्णपट म्हणजे काय ते ऐकतात, पण फलकावर तेवढं साल नीट लिहा.

नारायणगावजवळच्या त्या मोठ्या डिशमधून काय दिसतं?

दिसत काहीच नाही, ऐकूही येत नाही. खोडदचा जीएमआरटी हा रेडिओ लहरी पकडणारा प्रकल्प आहे, गोविंद स्वरूप यांनी उभा केलेला. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या इंग्रजी वायच्या आकारात दूरवर शेतांमधून पसरलेल्या, सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटरच्या एकाच दुर्बिणीसारखं काम करतात. डिश भरीव पत्र्याची नाही, बारीक तारेची जाळी ताणून बसवलीय, म्हणून वजन कमी, वाऱ्याला विरोध कमी आणि खर्चही कमी.

आता कामाचं सांगायचं तर इथे "रात्र" हा प्रकारच राहत नाही. रेडिओ लहरींना सूर्यप्रकाशाची आणि ढगांची फारशी अडचण नसते त्यामुळे भर दुपारी निरीक्षण चालतं. रेडिओवाल्याचा शत्रू म्हणजे तुमचा मोबाईल, टॉवर, ठिणगी मारणारी मोटर. डोळ्यावाल्यांना अंधार लागतो तशी यांना शांतता लागते, आणि नारायणगाव परिसर आता काही ३० वर्षांपूर्वीइतका शांत नाही, मग निम्मी मेहनत आलेल्या डेटातून माणसांचा गोंगाट काढून टाकण्यात जाते. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना आत सोडतात, जाऊन या.

लडाखमधली दुर्बीण बंगळुरूहून चालवतात म्हणे, खरं का?

खरंय. हानलेची दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण ४५०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, हिवाळ्यात उणे वीसच्या खाली. निरीक्षक बसतो बंगळुरूजवळ होसकोटेला आणि उपग्रहामार्फत सूचना जातात. वर माणसं असतातच, यंत्र अडकलं, बर्फ पडला तर बघणारी, पण संशोधकाला चढून जायची गरज नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे तिथलीच ग्रोथ-इंडिया दुर्बीण, आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची, ०.७ मीटरची, २०१८ पासून. ही यंत्रमानवासारखी स्वतःच चालते, आज काय बघायचं त्याची यादी द्या, ती हवामान बघून घुमट उघडते आणि फोटो काढत सुटते. अचानक कुठे स्फोट झाल्याची सूचना आली तर यादी बाजूला ठेवून तिकडे वळवायची. म्हणजे पवईतला विद्यार्थी सकाळी उठून चहा घेता घेता रात्रीचा डेटा उघडतो. रात्र जागण्याऐवजी आता त्याची झोप मोडते ती फोनवरच्या अलर्टने.

पावसाळ्यात काय करता?

महाराष्ट्रात दुर्बिणी झाकून ठेवायच्या. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची गिरवलीची दोन मीटरची दुर्बीणसुद्धा जून ते सप्टेंबर बंद असते. आरसे साफ करा, डेटा बघा, भजी खा. हानलेला मान्सून फारसा पोचत नाही, दुर्बीण तिकडे नेण्याचं ते एक मोठं कारण.

एआय आणि रोबो आल्यावर माणसाला काम उरणार का?

चिलीमधली व्हेरा रूबिन वेधशाळा बघा, म्हणजे अंदाज येईल. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, एका फोटोत पूर्ण चंद्राच्या चाळीसपट आकाश मावतं, आणि तीन-चार रात्रींत दक्षिणेकडचं अख्खं आकाश एकदा टिपून परत पहिल्यापासून सुरू, असं दहा वर्षं. रात्रीला सुमारे २० टेराबाइट डेटा. जून २०२५ मध्ये पहिले फोटो दाखवले तेव्हा साधारण दहा तासांच्याच निरीक्षणात २१०४ नवे लघुग्रह सापडलेले होते! क्लाइड टॉम्बॉने १९३० मध्ये प्लूटो शोधला तेव्हा दोन प्लेटा यंत्रात शेजारी लावून आलटून पालटून बघत बसायचा, हजारो ठिपक्यांत कोणता हलला ते, आणि तेही महिनोन् महिने. तेच काम आता सॉफ्टवेअर मिनिटभरात करतं.

पण मग ते लाखोंनी अलर्ट पाठवणार, रात्रीत, "इथे काहीतरी बदललं" म्हणून. त्यातलं नेहमीचं काय, उपग्रहाचा ओरखडा काय आणि आजवर न बघितलेलं काय हे कुणीतरी ठरवायला हवं. चाळणी प्रोग्राम लावतो, पण चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची ते माणूस ठरवतो आणि माझ्या मते आता निरीक्षकाचं खरं काम हेच झालंय. पूर्वी डेटा पुरत नव्हता म्हणून एकेका प्लेटला जपायचे, आता डेटा इतका आहे की काय सोडून द्यायचं ते ठरवावं लागतं. आणि जी गोष्ट चाळणीतून गळली ती कायमची गळली, ही भीती मला खरी वाटते.

नुसत्या डोळ्यांनी आता काहीच शोधता येत नाही का?

अगदीच नाही असं नाही. २४ फेब्रुवारी १९८७ ला चिलीतल्या लास कॅम्पानासला इयन शेल्टनने प्लेट धुतली, त्यावर नको तिथे एक मोठा ठिपका होता, तो बाहेर जाऊन आकाशाकडे बघतो तर खरंच तारा! त्याच रात्री तिथला दुर्बीण चालक ऑस्कर दुहाल्दे याने तो नुसत्या डोळ्यांनी आधीच बघितला होता. तोच तो प्रसिद्ध सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेला तारा, १९८७ए. आकाश पाठ असलेला माणूस बाहेर पडला म्हणून दिसला.

दुसरा किस्सा १९९५ चा. हेल-बॉप धूमकेतू एकाच रात्री दुर्बिणीला डोळा लावलेल्या दोघांना दिसला, ॲलन हेलने ईमेल केला आणि थॉमस बॉपने तार पाठवली. तार! नव्या शोधाची बातमी द्यायची जुनी पद्धत तीच होती, अशा बातम्या जिथे पोचतात त्या कार्यालयाच्या नावातच तार आहे. एकाच धूमकेतूत दोन जमाने आले, असा योग परत येणं कठीण.

शहरातून आता काही दिसतच नाही, मग शिकायचं कुठे?

खरंय, मुंबई-पुण्यातून कृत्तिका दिसल्या तरी लोक खूश होतात. मुंबईची मंडळी वर्षानुवर्षं वांगणीला जातात, खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम असतात, पण तिकडेही आता उजेड पोचलाय. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. विदर्भवाल्यांची चैन आहे, पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले वर उजेड फेकणारे दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले. दिवे बंद नाही केले, फक्त तोंड खाली. एवढंच आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगून बघा, लोक चोऱ्या होतील म्हणतात.

उपग्रहांचा त्रास वेगळाच. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० गेले, आता हजारोंनी आहेत. फोटोत रेघा येतात आणि यावर गावात जाऊनही उपाय नाही.

स्मार्ट दुर्बीण घेऊ का साधी?

फोनवरून चालणारी छोटी स्मार्ट दुर्बीण पुण्याच्या गच्चीवरूनही मृगाच्या तेजोमेघाचा रंगीत फोटो देते, कारण ती दहा-दहा सेकंदांचे शेकडो फोटो एकावर एक रचते. पालोमारच्या पिंजऱ्यातला माणूस रात्रभर जे करायचा ते ती मांडीवर मावणारी पेटी करते. घ्या, पण आकाश पाठ होणार नाही, कारण तारा ती शोधते, तुम्ही नाही. लहान मुलासाठी मी आधी १०×५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री दुर्बीण सांगेन. "६७५ पट मोठं दिसेल" असं खोक्यावर छापलेलं असेल तर ते खोकं दुकानातच राहू द्या.

हौशी माणसाने केलेल्या निरीक्षणाचा कुणाला उपयोग होतो का?

होतो, आणि मोठ्या दुर्बिणींना जे जमत नाही तिथे जास्त होतो. २०१९ च्या शेवटी मृगातला काक्षी, म्हणजे बीटलज्यूज, अंधुक व्हायला लागला. मोठ्या दुर्बिणींसाठी हा तारा इतका झगझगीत की कॅमेरा भरून जातो. जगभरचे हौशी लोक मात्र शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून नुसत्या डोळ्यांनी त्याची प्रत, म्हणजे तो किती तेजस्वी दिसतो त्याचा आकडा, लिहीत होते, अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या १९११ सालच्या संस्थेकडे अशा नोंदी जमतात आणि संशोधक त्या वापरतात. सुरुवात तिथूनच करा, पैसा लागत नाही.

घरबसल्या करायचं तर जीएमआरटीच्या डेटात वेगळ्या आकाराच्या दीर्घिका शोधणारा रॅड अ‍ॅट होम हा भारतीय उपक्रम आहे.

आणि उल्का मोजायच्या असतील तर डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुनेचा वर्षाव असतो, चंद्र आड येत नसेल तर गावाबाहेर चटई टाकून पडा आणि मोजा. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. नुसतं "शंभर दिसल्या" लिहून पाठवू नका, किती वाजता सुरू केलं, किती वाजता थांबलात, मध्ये जेवायला उठलात ती मिनिटं, आकाशाचा किती भाग ढगांनी झाकला होता आणि सगळ्यात अंधुक तारा कितव्या प्रतीचा दिसत होता हे सगळं लागतं, त्याशिवाय तुमच्या शंभरची दुसऱ्या कुणाच्या शंभरशी तुलनाच होत नाही. ग्रुपने गेलात तर प्रत्येकाने आपापल्या मोजा, एकाने "ती बघ!" म्हणून ओरडल्यावर दिसलेली आपल्या खात्यात धरायची नाही.